साडेबावीस पट कोबी

कोबी मोठा झाला म्हणून बायकोवर डाफरणारा नवरा जगात एकच असेल, आणि तो नेमका ट्राउडलच्या वाट्याला आला होता.

"नऊ मीटर!" एवाल्ड डोर्श मातीत गुडघे टेकून, हातात मोजपट्टी धरून ओरडत होता. "ट्राउडल, हा कोबी नऊ मीटर उंच आहे!"

कोबी जेमतेम तिच्या गुडघ्याला लागत होता. पण एवाल्डच्या बागेत जे दिसेल ते साडेबावीसने गुणायचं, असा दंडक होता. त्याची आगगाडी खऱ्या गाडीच्या साडेबावीस पट लहान. इंजिन मांजराएवढं, स्टेशनावरची माणसं बोटाएवढी. आणि या बोटाएवढ्या स्टेशनमास्तरच्या डोक्यावर ट्राउडलने लाडाने लावलेला कोबी डोलत होता.

"कोण प्रवासी उतरेल इथे?" एवाल्ड म्हणाला.

"मी उतरेन. रात्री जेवायला काय करायचं, हा प्रश्न तरी मिटेल."

कोबी त्याच संध्याकाळी पातेल्यात गेला. त्याआधी मुळे गेले होते, लेट्यूस गेलं होतं, भोपळ्याचा वेल तर उगवला त्याच दिवशी स्वर्गवासी झाला. बागेत टिकली ती फक्त पार्स्ली, कारण ती साडेबावीसने गुणली की झाडाएवढी होते. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. डोळ्यांना दिसेल ते बरोबर मापाचंच हवं, नाहीतर त्याला झोप लागत नसे.

आता हे घरच्या अंगणात चालून गेलं असतं. पण डोर्श कुटुंबाची बाग होती फ्युर्ट गावाबाहेरच्या 'सुखी कोपरा' नावाच्या बागवसाहतीत. तिथे ओळीने तुकडे, प्रत्येक तुकड्यात एक लाकडी खोपटं, मध्ये छातीएवढं झुडपांचं कुंपण, आणि सुख मोजून-मापून घ्यायचं. कुंपण किती उंच, खोपटं किती रुंद, दुपारी एक ते तीन शिंकायचं किती हळू, सगळ्याला नियम. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की बागेचा एक तृतीयांश भाग भाजीपाल्याचा असलाच पाहिजे.

नियम सांभाळायला वसाहतीचे अध्यक्ष होते हार्टमुट मुंकर्ट. माणसाच्या विजारीच्या खिशात घडीची लाकडी मोजपट्टी कायम असे. मोजायला काही मिळालं नाही तर हा गृहस्थ स्वतःचे बूट मोजेल, असं ट्राउडल म्हणायची. आणि दैव बघा, तो नेमका कुंपणापलीकडचा शेजारी! त्याच्या तुकड्यात बटाटे आणि कोबी पोलिसांच्या कवायतीसारखे रांगेत उभे असत. फूल एकही नाही.

वीस वर्षांचा शेजार, पण दोघा पुरुषांमध्ये अजून 'तुम्ही' आणि 'साहेब'. रविवारी कुंपणावरून ठरलेलं बोलणं होई.

"डोर्शसाहेब, तुमची गाडी एक वाजून गेल्यावरही चालू होती. विश्रांतीची वेळ आहे."

"मुंकर्टसाहेब, ती एक वाजायच्या आतच स्टेशनात आली."

"नाही. पूल ओलांडताना घंटा झाली. पुढे स्टेशनापर्यंत तिला अजून अर्धं मिनिट लागतं."

मग एवाल्ड दिवसभर दात-ओठ खात बसायचा.

ऑगस्ट संपता संपता मुंकर्ट कुंपणाशी आले ते हातात कागद घेऊन. "पुढच्या रविवारी पाहणी आहे. मी आणि चिटणीस लिंकबाई येऊ. एक तृतीयांश भाजीपाला, लक्षात आहे ना? तुमच्याकडे एक तृतीयांश रेल्वे दिसतेय."

"बागेतली रेल्वे हासुद्धा बागेचाच भाग असतो," एवाल्ड म्हणाला.

"रूळ शिजवून खाता येतात का?"

एवाल्ड रुळावरचं वाळकं पान वेचू लागला. ट्राउडलला चार उत्तरं सुचली, पण तिने मूग गिळले.

"मागच्या वर्षी सोडलं, त्याच्या मागच्या वर्षी सोडलं. या वेळी भाजी तरी भरा, नाहीतर रूळ तरी उचला. दोन्ही जमत नसेल तर बाग सोडावी लागेल. वसाहतीत बाग मिळावी म्हणून लोक रांग लावून बसलेत." आणि मुंकर्ट आपल्या कोबीकडे निघून गेले.

ट्राउडल खोपटात जाऊन बसली. तिला काळजी लागली होती, आणि ती काही रुळांची नव्हती. रूळ गेले असते तर घरातला पसारा कमी झाला म्हणून तिने देवाचे आभारच मानले असते. काळजी होती ती सिल्केची.

सिल्के त्यांची एकुलती एक लेक. बापाचं चष्म्याचं दुकान तिने पुढे चालवावं, असं एवाल्डने ती पाळण्यात असल्यापासून ठरवून टाकलं होतं. तिने साफ नाही म्हटलं, नर्स झाली, तुंजाय नावाच्या वायरमनशी लग्न केलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं! एवाल्ड नुसता गप्प झाला. लेकीचा फोन आला की म्हणायचा, "थांब, आईला देतो." पाच-सहा वर्षं त्या बापलेकीत 'आईला देतो' यापलीकडे वाक्य नव्हतं.

मग नात झाली, लेनी. तिच्या दुसऱ्या नाताळात तुंजायने झाडाखाली फिरणारी ही दांडगी आगगाडी आणली. जेवणाआधीच ती बंद पडली. एवाल्ड उकिडवा बसला, इंजिन उलटं केलं आणि मागे न बघता हात पुढे केला. "बारीक स्क्रूड्रायव्हर." सिल्केने दिला. "हा नाही, चपटा." सिल्केने तोही दिला. ट्राउडल स्वयंपाकघराच्या दारात बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन उभी होती, आणि तिला वाटलं, देवा, आता कोणी दार वाजवू नये, कोणी खोकू नये.

तेव्हापासून दर रविवारी सगळे बागेत. तळहातावर मावणारी गाडी असती तर एकट्या एवाल्डने भिंग लावून खेळवली असती. पण ही पडली तर दोघांनी उचलावी लागते. रुळाखाली खडी भरायला चार हात लागतात. चिखल होतो, मुंग्या लागतात, पूल वाहून जातो, मग सगळे मिळून एकमेकांवर ओरडतात. तुंजाय वायरी ओढायचा, लेनी शिट्टी फुंकायची, आणि सिल्के बापाशी बोलायची. खडीबद्दल आणि डब्यांबद्दल का होईना, बोलायची. फोनवर मात्र अजूनही 'आईला देतो' तसंच होतं. रूळ उचलले तर रविवारीही तेच व्हायचं, हे ट्राउडलला लख्ख दिसत होतं.

म्हणून शनिवारी तिने सगळ्यांना बोलावून घेतलं आणि बाजारातून रोपांच्या चार पेट्या आणल्या.

"लेट्यूस?" एवाल्डचा चेहरा कडू झाला. "साडेपाच मीटर!"

"बाबा, जंगल समज," सिल्के म्हणाली.

"कुठल्या जंगलात लेट्यूस असतं?"

"असतं एखाद्या जंगलात. तू कुठे सगळी जंगलं बघितलीस? सरक तिकडे."

संध्याकाळपर्यंत रुळाच्या दोन्ही बाजूंनी लेट्यूस, मुळे, कांद्याची पात लागली. लेनीने शिट्टी गळ्यात अडकवली आणि पुकारा सुरू केला. "पुढचं स्टेशन मुळा! मुळ्याला उतरणाऱ्यांनी पुढच्या डब्यात यावं!" तुंजाय हसून हसून पडला. एवाल्ड मात्र तोंड फिरवून खडी सारखी करत राहिला. पाच मीटरच्या मुळ्याच्या पानांखालून त्याची गाडी गेली की तो डोळे मिटून घ्यायचा.

रविवारी मुंकर्ट आले. सोबत लिंकबाई, काखेत नियमांचं पुस्तक. ट्राउडलने आलुबुखारचा केक आधीच कापून ठेवला होता. मुंकर्टनी केककडे पाहिलंसुद्धा नाही. मोजपट्टी उघडली. कडाक, कडाक, कडाक.

पार्स्लीचं जंगल भाजीत धरायचं की नाही यावर थोडी वादावादी झाली. लिंकबाईंनी एक काडी तोडून खाल्ली आणि म्हणाल्या, "धरा. चांगली आहे." पुन्हा मोजलं. पुन्हा गणित झालं. मुंकर्टनी मान हलवली.

"थोडक्यात कमी पडतंय. हा टेकडीचा भाग भाजीत आला तर बसेल."

टेकडीवर गाव होतं. चर्च तुंजायचं, शाळा लेनीची. आणि चौकात काड्यापेटीच्या लाकडाचं एक छोटंसं दुकान, वर नखाएवढी पाटी: 'डोर्श, चष्मेवाले'. ते सिल्केने केलं होतं, एका हिवाळ्यात, कोणाला न सांगता. एका रविवारी आणून चौकात ठेवलं आणि केक खायला निघून गेली. एवाल्ड त्यावर चकार शब्द बोलला नव्हता. पण तेव्हापासून बागेत आला की आधी रुमालाचं टोक ओलं करून त्या दुकानाची काच पुसायचा, मग बाकीचं.

"गाव हलणार नाही," एवाल्ड म्हणाला.

"मग बाग..." मुंकर्टनी सुरुवात केली.

तेवढ्यात लेनीने शिट्टी फुंकली. तिचं वेळापत्रक पाहणी-बिहणी जाणत नव्हतं. बोगद्यातून गाडी खडखडत आली, पूल ओलांडून मुंकर्टच्या बुटांसमोरून गेली, आणि मुंकर्ट, मोजपट्टी हवेत तशीच धरून, एकदम म्हणाले, "टपालाचा डबा शेवटी लावलाय! टपालाचा इंजिनाला लागून असायचा. आणि हे इंजिन चढावाच्या लाइनवर कधी सोडतच नसत."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मुंकर्टसाहेब," ट्राउडल केकची सुरी हातात घेऊन दोन पावलं पुढे आली, "तुम्हाला हो हे कसं ठाऊक?"

"वाचलं असेल कुठेतरी." पण कान लाल झाले होते.

"सांगून टाका आता!" लिंकबाई म्हणाल्या. "ताकाला जायचं नि भांडं लपवायचं! सगळ्या वसाहतीला माहीत आहे, या एका तुकड्याखेरीज."

मुंकर्टनी मोजपट्टी मिटली. "सत्त्याऐंशी," ते पुटपुटले.

"सत्त्याऐंशी!" एवाल्डने असं म्हटलं, की जणू शेजारी सावकारी करताना सापडला. सत्त्याऐंशी पट लहान, म्हणजे बोटभर इंजिनवाली जात. घरात बसून खेळणारे. मोठ्या गाडीवाले त्यांना सुपारीएवढ्या डब्यांवरून सुपारीवाले म्हणायचे, आणि ते मोठ्या गाडीवाल्यांना, मातीत खपतात म्हणून, माळी.

"तळघरात आहे," मुंकर्ट म्हणाले. "तीस वर्षं झाली."

"तिथे शिट्टी कोण वाजवतं?" लेनीने विचारलं.

"मीच."

"आणि 'गाडी सुटतेय' कोण म्हणतं?"

"मीच."

"मग ऐकतं कोण?"

मुंकर्टनी मोजपट्टी खिशात घातली. "तिथे कोणाला येऊ देता येत नाही गं. सगळं नाजूक असतं. कोणी शिंकलं तरी मालगाडी आडवी होते. मुलगा लहानपणी एकदा शिंकला होता." त्यांनी बुटावरची माती झटकली. "नंतर आलाच नाही. बायको वरच्या पायरीवरून हाक मारते, जेवायला चला म्हणून. तेवढंच."

ट्राउडलचा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस इतकी वर्षं कुंपणाआड उभा राहून घड्याळ लावून तक्रारी करतोय, आणि ती समजत होती की याला गाडीचा वीट आलाय! अरे, त्याला तिचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. तिने काही न बोलता केकचा सगळ्यात मोठा तुकडा ताटलीत घालून त्याच्या हातात दिला.

मुंकर्टनी तो उभ्या उभ्या खाल्ला. मग म्हणाले, "नियम म्हणजे नियम. त्यात बदल नाही. पण माझ्या बाजूला भाजी गरजेपेक्षा दुप्पट आहे. गाव कुंपणाखालून माझ्याकडे आणलं, तर इथे टेकडीवर लेट्यूस लावता येईल. रूळ खालून जातील. कुंपणाच्या उंचीला नियम आहे, खालच्या भोकाला नाही. मी बघितलंय." ते खाकरले. "बऱ्याचदा बघितलंय. एकच अट. माझा एकही कोबी हलणार नाही."

"गाव कोबीत?" एवाल्डचा आवाज फाटला. "चर्चच्या वर कोबी?"

"एवाल्ड!" ट्राउडल म्हणाली. त्या एका हाकेत चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार भरलेला होता. एवाल्डने उगारलेलं बोट खाली घेतलं.

पण लिंकबाई पुस्तक चाळत होत्या. "अडचण आहे. एकाने दुसऱ्याच्या तुकड्यात काही मांडायचं तर ती मुभा फक्त घरच्या माणसाला नाहीतर मित्राला. इथे छापलंय. तुम्ही मित्र कुठे आहात? तुम्ही तर अहो-जाहो करता."

झालं! आता या गावात 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं म्हणजे काही गंमत नाही. वयाने मोठा असेल त्याने आधी 'तू' देऊ करायचं, धाकट्याने घ्यायचं, दोघांनी हातात हात अडकवून प्यायचं. आणि एकदा दिलेलं 'तू' परत घेता येत नाही. लग्न मोडायला कोर्ट तरी असतं, 'तू' मोडायला काही नाही. म्हणून तर हे दोघं वीस वर्षं एकमेकांना टाळत होते. देऊ केलं आणि पुढचा नाही म्हणाला, तर तोंड कुठे लपवायचं?

"मोठं कोण?" लिंकबाईंनी विचारलं.

"वर्ष एकच," मुंकर्ट म्हणाले. "माझा जन्म एक मार्चचा."

सिल्केने कपाळाला हात लावला. "बाबाचा एकोणतीस फेब्रुवारीचा."

"म्हणजे डोर्शसाहेब मोठे," मुंकर्ट सुटल्यासारखे घाईने म्हणाले. "त्यांनीच द्यायचं."

"छे, छे! माझे वाढदिवस आजवर अठराच झालेत. तुमचे बघा किती झाले. मोठे तुम्ही!"

"असं कुठे असतं? जन्म आधी तुमचा!"

"मग वाढदिवस कशाला मोजतात?"

बहात्तर वर्षांचे दोन घोडे, मोठं कोण यावरून भांडत होते, आणि दोघांनाही धाकटं व्हायचं होतं. लेनीने आजोबा अठरा वर्षांचा आहे हे ऐकून टाळ्या पिटल्या. शेवटी लिंकबाईंनी पुस्तक आपटलं. "आधी जन्मला तो मोठा. डोर्श, द्या नाहीतर सोडा. मला अजून सहा बागा बघायच्यात."

एवाल्डने एकदा पलीकडच्या कोबीकडे पाहिलं. मग चौकातल्या त्या दुकानाकडे पाहिलं. काच पुसायची आज राहून गेली होती. मग कोणाशी काही न बोलता तो वळला आणि खोपटात शिरला. दार लागलं.

गेला रुसून, ट्राउडलला वाटलं. संपलं सगळं. तिने सिल्केकडे बघायचं टाळलं.

दार उघडलं. एवाल्डच्या हातात आलुबुखारच्या दारूची बाटली होती आणि दोन छोटे पेले. त्याने गाडी थांबवली, टपालाचा डबा शेवटून काढला आणि इंजिनाला लागून जोडला. मुंकर्ट बघत राहिले. मग त्याने मागच्या उघड्या डब्यात पेले ठेवले, काठोकाठ भरले, आणि लेनीला मान डोलावली.

"गाडी सुटतेय!" लेनी ओरडली.

गाडी निघाली. मुळ्याच्या पानांखालून गेली, पुलावर हिंदकळली, एका पेल्यातली थोडी सांडली, आणि कुंपणाशी मुंकर्टच्या बुटांपुढे येऊन थांबली. एवाल्ड चालत मागून आला. एक पेला उचलला.

"मी एवाल्ड," तो म्हणाला.

मुंकर्टनी वाकून पेला उचलला. उचलताना आणखी थोडी सांडली. "हार्टमुट."

हातात हात अडकवून दोघं प्यायले. मग सगळे थांबले. पहिलं 'तू' कोण म्हणतो, आणि काय म्हणतो? मुंकर्टनी ओठ पुसले, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"एवाल्ड," ते म्हणाले, "तुझी गाडी दोन मिनिटं लेट आहे."

"तुझं घड्याळ पुढे आहे, हार्टमुट!"

"माझं घड्याळ कधीच पुढे नसतं! तुझ्या त्या पुलावर..."

ट्राउडलने केकची सुरी खाली ठेवली आणि अॅप्रनने डोळे टिपले. लिंकबाईंनी आपल्या पुस्तकात खूण केली, केकचे दोन तुकडे रुमालात बांधले आणि पुढच्या बागेकडे चालू लागल्या. एक वाजून गेला होता. विश्रांतीच्या वेळात दोघं म्हातारे तावातावाने ओरडत होते आणि तक्रार करायला कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गाव कुंपणाखालून गेलं. चर्चवर कोबीची सावली पडली. मुंकर्टची बायको पहिल्यांदाच बागेत आली, स्टूल टाकून बसली, आणि गाडी समोरून गेली तेव्हा मुद्दाम मोठ्याने शिंकली. काहीसुद्धा पडलं नाही. मुंकर्ट हसले, असे की ट्राउडलने त्यांचे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आणि बुधवारी संध्याकाळी घरचा फोन वाजला. एवाल्डने उचलला. ट्राउडलने भांडी घासता घासता सवयीने हात पुसले आणि फोन घ्यायला एक हात पुढे केला.

"थांब गं," एवाल्ड तिला म्हणाला, "बोलतोय ना मी." आणि खुर्ची ओढून बसला. "हां, सिल्के, ऐक. तुझ्या दुकानावर त्या नऊ मीटरवाल्या कोबीची सावली येते, दुपारनंतर पाटी वाचता येत नाही. हार्टमुट म्हणतो, दुकान जरा डावीकडे घ्या. मी म्हटलं, ते दुकान माझ्या लेकीचं आहे, तिला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तर तू सांग, काय करायचं?"

ट्राउडल पुढे केलेला हात तसाच घेऊन उभी राहिली.